म्यूलचा हट्ट

'क्रेझी ब्लूज, मेमी स्मिथ, १९२०' असं सर्च करा आणि इअरफोन लावा. सुरुवातीला ऐकू येईल ती नुसती खरखर, पत्र्यावर पाऊस पडत असल्यासारखी. मग त्या खरखरीमागून एक कॉर्नेट, एक घसरत जाणारा ट्रॉम्बोन, मध्येच कुठेतरी व्हायोलिन आणि मग एका बाईचा मोकळा, ठाम आवाज. खरं सांगायचं तर मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा तीस सेकंदांत बंद केलं होतं. इतकं जुनं, इतकं दूरचं, काय ऐकायचं यात? मग कधीतरी त्यामागची गोष्ट वाचली आणि एका रात्री ते सात-आठ वेळा ऐकलं.

जेमतेम साडेतीन मिनिटांचं गाणं. १० ऑगस्ट १९२० रोजी न्यूयॉर्कमध्ये रेकॉर्ड झालेलं. त्याआधी अमेरिकेत ग्रामोफोनच्या हजारो तबकड्या निघाल्या होत्या, 'ब्लूज' हा शब्द नावात असलेल्याही निघाल्या होत्या. पण कृष्णवर्णीय बाईने ब्लूज गायलाय आणि तो तबकडीवर उतरलाय, असं या गाण्याआधी झालं नव्हतं. आजची ढोबळमानाने सगळी पॉप, रॉक, सोल, हिप-हॉप ही मंडळी ज्या दारातून आत आली, ते दार या गाण्याने उघडलं असं म्हटलं तर फार अतिशयोक्ती होणार नाही.

आवाज मेमी स्मिथचा. दार ठोठावणारा हात मात्र दुसऱ्याच कुणाचा तरी होता. त्याचं नाव पेरी ब्रॅडफर्ड. गायक, पियानोवादक, नाचणारा, गाणी लिहिणारा, ती छापून विकणारा आणि दुसऱ्यांना घेऊन कंपन्यांच्या पायऱ्या झिजवणारा. धंद्यातले लोक त्याला 'म्यूल' म्हणायचे. म्यूल म्हणजे खेचर. स्टेजवर तो म्यूलवरचं एक गाणं करायचा, त्यावरून नाव पडलं असं सांगतात. पण ज्यांनी ज्यांनी त्याला ऑफिसच्या बाहेर काढलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात उभा पाहिला, त्यांना या नावाचं वेगळं स्पष्टीकरण लागलं नसणार.

पेरीचा जन्म अलाबामा राज्यातल्या माँटगमेरीचा, १८९०च्या दशकातला. तारीख १४ फेब्रुवारी. ही तारीख लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. तो लहान असतानाच घरचे जॉर्जिया राज्यातल्या अटलांटाला आले. घर तुरुंगाला लागून, आणि आई त्या तुरुंगातल्या कैद्यांचा स्वयंपाक करायची. म्हणजे बघा, आपल्या लहानपणी शेजारच्या घरातून रेडिओ ऐकू यायचा, तसा या पोराला शेजारून कैद्यांच्या गाण्यांचा आवाज यायचा. गुलामगिरी कायद्याने संपून तीस-पस्तीस वर्षं झाली होती. पण दक्षिणेकडच्या राज्यांत कृष्णवर्णीय माणसाला तुरुंगात जायला फार मोठा गुन्हा करावा लागत नव्हता. कामधंदा नसताना रस्त्यावर दिसलं तरी पुरे होतं. या माणसांची गाणी कुणी बसवलेली नव्हती. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिचा निकाल लावायचा. सूर मुद्दाम थोडा खाली ओढायचा, जिथे पियानोची पट्टी नसते तिथे. आपल्याकडे जात्यावर बसून बायका जे बोलता येत नाही ते ओवीत घालायच्या, तसंच काहीसं. या गाण्यांना नाव पडलं ब्लूज.

१९०७ साली, मिसरूड फुटायच्या वयात, पेरी एका फिरत्या मिन्स्ट्रेल कंपनीत शिरला. मिन्स्ट्रेल हा प्रकार आज पाहिला तर अंगावर काटा येतो. गोरे नट तोंडाला काजळी फासून कृष्णवर्णीयांची टिंगल करायचे आणि लोक पोट धरून हसायचे. पुढे कृष्णवर्णीय कलाकारांच्याच कंपन्या निघाल्या. विनोद बरेचसे तेच, पण निदान पगार स्वतःचा. पोट भरायचं तर तोच एक रस्ता होता. तमाशाचा फड गावोगाव फिरतो तशा या कंपन्या रेल्वेने फिरायच्या. पेरी दक्षिणेत फिरला, शिकागोला गेला, न्यूयॉर्कला पोहोचला. जेनेट टेलर नावाच्या कलाकाराबरोबर त्याने गाण्या-नाचाची जोडी जमवली, आणि १९०९पासून जवळजवळ दहा वर्षं ही जोडी थिएटरमागून थिएटरं करत होती.

या दहा वर्षांत पेरीने एक गोष्ट रोज डोळ्यांनी पाहिली. ब्लूज सुरू झाला की कृष्णवर्णीयांच्या थिएटरात काय होतं ती. लोक खुर्चीवर बसत नाहीत. ओरडतात, उत्तरं देतात, पैसे फेकतात. आणि याच लोकांच्या घरात, जिथे ग्रामोफोन असेल तिथे, तबकड्या मात्र गोऱ्या गायकांच्या.

इथे थोडं थांबून त्या काळातला रेकॉर्डचा धंदा समजून घ्यायला हवा. कृष्णवर्णीयांचा आवाज तबकडीवर कधीच आला नव्हता असं नाही. १८९०च्या सुमारास जॉर्ज डब्ल्यू. जॉन्सन नावाचा गायक, जो जन्मला तेव्हा गुलामगिरी चालू होती, शिट्टीच्या आणि हसण्याच्या गाण्यांमुळे प्रसिद्ध झाला होता. विनोदी नट बर्ट विल्यम्स तर मोठा स्टार होता. फिस्क विद्यापीठाच्या गायकांनी भक्तिगीतं रेकॉर्ड केली होती. म्हणजे हसवणार असाल तर या, देवाचं म्हणणार असाल तर या. आपल्या मनातलं दुःख, वासना, राग घेऊन येणार असाल तर नको. १९१२ साली डब्ल्यू. सी. हँडी या कृष्णवर्णीय संगीतकाराने 'मेम्फिस ब्लूज' छापला, १९१४ साली 'सेंट लुईस ब्लूज'. गाणी देशभर गाजली. रेकॉर्ड केली ती गोऱ्या बँड्सनी आणि गोऱ्या गायकांनी. हँडीने 'मेम्फिस ब्लूज'चे हक्क तर किरकोळ रकमेला विकून टाकले होते, नफा दुसऱ्यांनीच कमावला. १९१७ साली जॅझ म्हणून पहिली तबकडी बाजारात आली, तो बँडही अख्खा गोरा. ज्यांची भाषा, त्यांनाच तिच्यात बोलायची बंदी, असा सगळा मामला.

कंपन्यांचं म्हणणं सरळ होतं. कृष्णवर्णीय लोक गरीब आहेत, त्यांच्याकडे ग्रामोफोन नाहीत, ते रेकॉर्ड विकत घेणार नाहीत. आणि गोरी गिऱ्हाइकं नाराज होतील ती वेगळीच. गंमत म्हणजे हीच ग्रामोफोन इंडस्ट्री जगाच्या दुसऱ्या टोकाला याच्या बरोबर उलट हिशेब करत होती. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जानचा आवाज रेकॉर्ड झाला, कारण भारतीयांना यंत्र विकायचं तर भारतीयांचाच आवाज हवा हे कंपनीला कळत होतं. आपल्याच शहरातल्या शेजाऱ्याबद्दल मात्र ही साधी गोष्ट न्यूयॉर्कमधल्या साहेबांच्या डोक्यात शिरत नव्हती.

१९१८ साली पेरीने हार्लेममधल्या लिंकन थिएटरात 'मेड इन हार्लेम' नावाचा शो केला. त्यात सिनसिनाटीहून आलेली एक गायिका होती, मेमी स्मिथ. ती काही शेतात राबून, चर्चमध्ये गाऊन आलेली 'अस्सल ब्लूजवाली' वगैरे नव्हती. लहानपणापासून स्टेजवर नाचलेली, क्लबमध्ये सगळ्या प्रकारची गाणी गाणारी, कपड्यांचा प्रचंड शौक असलेली शहरी कलाकार होती. आजही काही ब्लूज शौकीन नाक मुरडून म्हणतात, तिच्यापेक्षा बेसी स्मिथ कितीतरी भारी. असेलही. पण पेरीला काय हवं होतं ते पेरीला माहीत होतं. कंपनीच्या साहेबाला ऐकताना दचकायला होणार नाही आणि हार्लेमच्या माणसाला आपला वाटेल, असा आवाज. त्या शोमध्ये मेमी त्याचंच 'हार्लेम ब्लूज' नावाचं गाणं म्हणायची.

मग सुरू झाल्या फेऱ्या. पेरी नोटेशनचे कागद बगलेत मारून कंपन्यांकडे जायचा. मोठ्या कंपन्यांनी दाद दिली नाही. १९२०च्या सुरुवातीला व्हिक्टर कंपनीने मेमीचं एक चाचणी रेकॉर्डिंग घेतलं, पण बाजारात काही आणलं नाही. शेवटी तो पोहोचला ओके कंपनीकडे. ऑटो हाइनमान या जर्मनीतून आलेल्या उद्योजकाने काढलेली ही नवी, तुलनेने छोटी कंपनी. मोठ्यांशी स्पर्धा करायची तर काहीतरी वेगळं हवंच होतं. तिथे रेकॉर्डिंगचा प्रमुख होता फ्रेड हेगर.

पेरीने हेगरला काय सांगितलं, ते त्याने स्वतः आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. त्याचा सारांश असा : या देशात आमचे १ कोटी ४० लाख लोक आहेत, आमच्यातल्या कुणी गायलेली रेकॉर्ड निघाली तर ते ती घेतील. आता १९२०च्या जनगणनेत अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा आकडा आहे साधारण १ कोटी ४ लाख. म्हणजे भाऊने वरचे ३५ लाख स्वतःच्या खिशातून घातले! प्रमोटर माणूस, दुसरं काय करणार. पण मुद्दा पाहा. तो हेगरकडे दया मागत नव्हता, कलेची थोरवीही सांगत नव्हता. समोर बाजार पडलाय आणि तुम्ही तो सोडताय, एवढंच सांगत होता. समोरच्याला कळेल त्या भाषेत.

हेगरने आधी पळवाट काढून पाहिली. गाणी चांगली आहेत, ती सोफी टकरकडून गाऊन घेऊ, असं ठरत होतं. सोफी टकर ही तेव्हाची लोकप्रिय गोरी गायिका. पण तिचा करार दुसऱ्या कंपनीशी होता, ते जमेना. पेरी तिथेच उभा होता, मेमीचं नाव घेऊन. बाहेर कुणकुण लागली तशी हेगरकडे धमकीची पत्रं यायला लागली : कृष्णवर्णीय गायिकेला रेकॉर्ड कराल तर तुमच्या कंपनीची यंत्रं आणि तबकड्या, दोन्हींवर बहिष्कार. नव्या कंपनीला हे परवडणारं नव्हतं. तरी हेगरने होकार दिला. धाडसाचं श्रेय त्यालाही द्यायला हवं.

पहिलं रेकॉर्डिंग झालं १४ फेब्रुवारी १९२० रोजी. हो, पेरीच्या वाढदिवशी. मेमीने पेरीची दोन गाणी म्हटली, साथीला कंपनीचा नेहमीचा गोरा वाद्यवृंद. ब्लूज म्हणावा असं त्यात फारसं काही नव्हतं, त्या काळची साधी लोकप्रिय गाणी होती. तबकडीवर नुसतं 'मेमी स्मिथ' छापलं होतं, ती कोण, कुठल्या वर्णाची, याचा उल्लेख नाही. कंपनीने फारसा गाजावाजा केला नाही. पण 'शिकागो डिफेंडर' या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राने ही बातमी उचलली आणि आपल्या समाजाची प्रगती हवी असेल तर ही रेकॉर्ड घ्या, असं वाचकांना आवाहन केलं. लोकांनी घेतली. बहिष्काराच्या धमक्या कागदावरच राहिल्या.

आता हेगरकडे नाही म्हणायला काही उरलं नव्हतं. पेरीने पुढची अट घातली : या वेळी वादकही आपलेच. १० ऑगस्टला मेमी स्टुडिओत गेली ती 'जॅझ हाउंड्स' घेऊन. जॉनी डन, डोप अँड्र्यूज, अर्नेस्ट एलियट, लेरॉय पार्कर अशी सगळी हार्लेमच्या क्लबांतली मंडळी. पियानोवर आपण होतो, असं विली 'द लायन' स्मिथ आयुष्यभर सांगत राहिला. तेव्हा मायक्रोफोन नव्हते, विजेवरचं रेकॉर्डिंग आलं १९२५ साली. भिंतीतून एक मोठा कर्णा बाहेर आलेला असायचा, त्याच्या तोंडाशी गर्दी करून गायचं-वाजवायचं. कर्ण्यातून गेलेल्या आवाजाने सुई थरथरायची आणि मेणाच्या तबकडीवर चरा उमटायचा. मिक्सिंग म्हणजे काय, तर मोठ्या आवाजाच्या वाद्याला मागे उभं करायचं! चूक झाली की पुन्हा पहिल्यापासून. वादकांसमोर लिहून दिलेलं काही नव्हतं, एकमेकांचं ऐकत, अंदाज घेत त्यांनी गाणं बसवलं.

गाणं तेच, 'हार्लेम ब्लूज'. नाव मात्र बदललेलं : 'क्रेझी ब्लूज'. हार्लेमच्या बाहेरच्या माणसालाही ते आपलं वाटायला हवं होतं. शिवाय पेरीची एक खोड अशी की तीच चाल थोडी इकडेतिकडे करून तो वेगवेगळ्या नावांनी वापरायचा, विकायचा. एकच असाइनमेंट चार विषयांना सबमिट करणारा मित्र तुमच्या वर्गात असेलच.

विक्री किती झाली? पहिल्या महिन्यात ७५ हजार, असा आकडा पूर्वापार सांगितला जातो. रेडिओ नाही, सिनेमाला आवाज नाही, अशा काळात. पण आकड्यापेक्षा मला आवडतो तो या रेकॉर्डचा प्रवास. पुलमन रेल्वेच्या डब्यांत काम करणारे पोर्टर जवळपास सगळे कृष्णवर्णीय. उत्तरेकडच्या शहरांत ते या तबकड्यांचे गठ्ठे विकत घ्यायचे आणि दक्षिणेकडे जाताना स्टेशनांवर, ज्या गावांत त्या मिळत नव्हत्या तिथे, चढ्या भावाने विकायचे. दुकानदारांनी जे वितरण केलं नसतं ते उशा-चादरी घालणाऱ्या माणसांनी केलं. व्हायरल होणं म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

आणि लोक ऐकत काय होते? वरवर पाहता एका सोडून गेलेल्या प्रियकराचं रडगाणं. पण शेवटाकडे त्या बाईचं दुःख अचानक फणा काढतं. बंदूक घेऊन पोलिसालाच उडवण्याची भाषा ती करते. पहिल्यांदा कानावर पडलं तेव्हा मी मागे जाऊन पुन्हा ऐकलं, नक्की हेच म्हणाली का? पार्श्वभूमी आठवा. आदल्याच वर्षी, १९१९च्या उन्हाळ्यात, अमेरिकेतल्या शहराशहरांत कृष्णवर्णीयांवर हल्ले झाले होते. एकट्या शिकागोत ३८ माणसं मेली. महायुद्धात लढून आलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांना घरी परतल्यावर असं स्वागत मिळालं होतं. त्यानंतर वर्षभरात एक बाई तबकडीवरून हे म्हणतेय आणि घराघरांत ते वाजतंय. कंपनीच्या साहेबांनी ती ओळ ऐकली की नाही, कोण जाणे. ज्यांच्यासाठी होती त्यांनी नक्की ऐकली.

पुढचं सगळं भराभर घडलं. प्रत्येक कंपनी ब्लूज म्हणणाऱ्या बायका शोधायला लागली. ल्युसिल हेगामिन, अल्बर्टा हंटर, एडिथ विल्सन वर्षभरातच तबकडीवर आल्या. ओकेने कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांसाठी वेगळी मालिकाच काढली, असल्या तबकड्यांना 'रेस रेकॉर्ड्स' म्हणायला लागले. हॅरी पेस या कृष्णवर्णीय उद्योजकाने 'ब्लॅक स्वान' नावाची स्वतःची कंपनी काढली. १९२३ साली बेसी स्मिथ आली, त्याच वर्षाच्या शेवटी मा रेनी. हे दार उघडलं नसतं तर या दोघींचा आवाज कसा होता हे आज आपल्याला फक्त पुस्तकात वाचावं लागलं असतं.

इथवर ही जिंकण्याची गोष्ट. मला जास्त खिळवून ठेवलं ते यानंतरच्या भागाने, पैशांच्या.

अमेरिकेच्या १९०९च्या कॉपीराइट कायद्यानुसार गाणं रेकॉर्ड झालं की विकल्या गेलेल्या प्रत्येक प्रतीमागे गाण्याच्या मालकाला दोन सेंट मिळायचे. ऐकायला चिल्लर वाटते. ७५ हजारांनी गुणा, एका गाण्याचे एका महिन्यात दीड हजार डॉलर होतात. १९२० सालचे. म्हणून कंपन्या काय करायच्या, तर संगीतकाराकडून आधीच लिहून घ्यायच्या : हक्क सोडला, किंवा अर्धा सोडला. गायकाला तर एकरकमी पैसे देऊन मोकळं करायचे. बेसी स्मिथसारख्या बाईला कोलंबिया कंपनीने सुरुवातीला एका गाण्याचे १२५ डॉलर दिले, पुढे प्रती कितीही विकल्या जावोत, रॉयल्टी नाही.

पेरीने हँडीचं काय झालं ते पाहिलं होतं. त्याने स्वतःची प्रकाशन कंपनी काढली आणि हक्क धरून ठेवले. 'क्रेझी ब्लूज'ची रॉयल्टी सोडून द्या, असं कोलंबियाने सांगितलं तेव्हा त्याने दिलेलं उत्तर धंद्यात दंतकथा बनलं. इंग्रजीत हक्क सोडणे म्हणजे 'वेव्ह' करणे आणि झेंडा फडकवणे म्हणजेही 'वेव्ह' करणे, स्पेलिंग वेगळं, उच्चार एकच. पेरीने कळवलं की तो अमेरिकेच्या झेंड्याशिवाय दुसरं काहीही 'वेव्ह' करत नाही. अलाबामाचा एक कृष्णवर्णीय माणूस, १९२०च्या दशकात, एका बलाढ्य कंपनीला हे लिहितोय. त्या नकारात काय ताकद लागली असेल!

पण त्याला देव्हाऱ्यात बसवायची घाई नको. त्याच काळात एका गाण्याच्या मालकीवरून कोर्टात खटला झाला आणि त्यात साक्षीदाराला खोटं बोलायला लावल्याबद्दल पेरीला काही महिन्यांचा तुरुंगवास झाला. तुरुंगाशेजारी वाढलेला पोरगा शेवटी आत जाऊन आला. एक चाल चार नावांनी विकणाऱ्या माणसाचं हे कधीतरी होणारच होतं, असं म्हणता येईल. त्या धंद्यात सगळेच ओरबाडत होते, पकडलं जाणं मात्र सगळ्यांच्या वाट्याला येत नव्हतं, असंही म्हणता येईल. मला दोन्ही खरं वाटतं.

हे लिहिताना मला आमच्या एकांकिकेचा दिग्या आठवतोय. (खरं नाव वेगळं.) स्पर्धेसाठी अख्खं संगीत त्याने केलं, होस्टेलच्या खोलीत, रात्री गाद्या भिंतीला लावून. बक्षीस मिळालं, फोटो छापून आले, पुढे त्याची एक धून कुठल्यातरी कार्यक्रमाच्या व्हिडिओलाही वापरली गेली. नाव कुठेच नाही. विचारायला गेला तर उत्तर मिळालं, 'अरे, आपलंच आहे ना सगळं!' तो हसला आणि परत आला. पेरी असता तर दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात उभा राहिला असता.

पेरी स्वतः गायकही होता हे मधल्या धामधुमीत विसरायला होतं. १९२५च्या नोव्हेंबरमध्ये त्याने आपला बँड घेऊन काही गाणी रेकॉर्ड केली. पियानोवर जेम्स पी. जॉन्सन आणि कॉर्नेटवर विशीतला लुई आर्मस्ट्राँग! आर्मस्ट्राँग तेव्हा अजून 'आर्मस्ट्राँग' व्हायचा होता. गातोय पेरी. आवाज ग्रेट नाही, पण फेकीत मिन्स्ट्रेल कंपनीपासूनची वीस वर्षं दिसतात. थोडा कर्कश, थोडा वात्रट, प्रेक्षकाच्या खांद्यावर हात टाकून बोलणारा.

मग काळ बदलला. १९२९ साली शेअर बाजार कोसळला, रेकॉर्डचा धंदा बसला. संगीताची चवही बदलत गेली. आधी गिटारवर एकटा गाणारा दक्षिणेतला ब्लूजवाला, मग मोठमोठे स्विंग बँड. पेरी मागे पडला. मेमीचंही तेच. हिऱ्यांचे दागिने, शहामृगाच्या पिसांचे झगे घालून हजारोंसमोर गाणारी ही बाई १९४६ साली न्यूयॉर्कमध्ये हलाखीत गेली. स्टेटन बेटावरच्या तिच्या कबरीवर कित्येक दशकं नाव लिहिलेला दगडसुद्धा नव्हता. चाहत्यांनी वर्गणी काढून तिथे नीट स्मारक उभारलं ते या शतकात.

पेरी तिच्यानंतर चोवीस वर्षं जगला. दरम्यान जॅझचे इतिहास लिहिले जाऊ लागले, जाडजूड, अभ्यासपूर्ण. त्यांत आपलं नाव कुठे ओझरतं, कुठे चुकीच्या संदर्भात येतंय, हे म्हातारा पेरी पाहत होता. जे आत आले त्यांची प्रकरणंच्या प्रकरणं, दार उघडायला लावणारा तळटिपेत. मग त्याने तेच केलं जे तो आयुष्यभर करत आला होता. १९६५ साली, सत्तरी पार केल्यावर, स्वतःचं आत्मचरित्र काढलं : 'बॉर्न विथ द ब्लूज'. पुस्तक म्हणून ते विस्कळीत आहे, फुशारकी भरपूर आहे, मीच कसा पहिला हे पानोपानी आहे. वाचताना कधी हसू येतं, कधी वाटतं, बास की आता. पण कुणी दुसरं सांगत नसेल तर माणसाने काय करायचं? २० एप्रिल १९७० रोजी तो न्यूयॉर्कमध्ये गेला.

'क्रेझी ब्लूज' १९९४ साली ग्रॅमीच्या हॉल ऑफ फेममध्ये गेलं. २००५ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने राष्ट्रीय ठेवा म्हणून जपायच्या रेकॉर्डिंग्जमध्ये त्याची निवड केली.

मूळ तबकडीच्या लेबलचे फोटो नेटवर मिळतात. ओके, क्रमांक ४१६९. गाण्याचं नाव मोठ्या अक्षरांत, मेमी स्मिथ आणि तिच्या जॅझ हाउंड्सचंही नाव ठसठशीत. आणि गाण्याच्या नावाखाली कंसात, अगदी बारीक, झूम केल्याशिवाय वाचता येणार नाही असं आणखी एक नाव आहे. झूम करून बघा.